वहाणा बाहेर काढाव्यात, वगैरे

मराठीत सध्या एक गद्यप्रकार जोरात आहे आणि समीक्षेनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. पहिल्यांदा बँकॉकला जाताय, मग हे वाचाच, अशा धर्तीचं शीर्षक असतं आणि खाली दहा, पंधरा किंवा एकवीस टिपा. पर्यटन विशेषांकात त्या येतात, रविवारच्या पुरवणीत येतात, सहल कंपनीच्या माहितीपत्रकात येतात आणि मग नाव-गाव गळून पडून मोबाईलवरून फिरत राहतात. क्रियापदं सगळी आज्ञार्थी: न्या, टाळा, विचारा, घासाघीस करा, सावध राहा. गेली काही वर्षं मी रत्नागिरीत बसून हा मजकूर आवडीनं वाचते आहे. बँकॉकला दोनदा जाऊन आल्यावर तो पुन्हा वाचला आणि त्याच्याबद्दल काही म्हणावंसं वाटलं.

आधी एक कबूल करायला हवं. टिपा लिहिणाऱ्याला हसणं सोपं आहे आणि ते फारसं न्याय्य नाही. आपली नावाजलेली प्रवासवर्णनं वाचकाला तिकीट कुठे काढायचं ते सांगत नाहीत. पु. ल. देशपांडे यांची (त्यांची सासुरवाड रत्नागिरीची, म्हणून आमच्याकडे त्यांच्याविषयी जरा जावयाच्या हक्कानं बोलतात) ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ ही पुस्तकं ज्यांनी वाचली, त्यांतले बहुतेक जण त्या देशांत कधी जाणार नव्हते. परकीय चलन मिळायची मारामार, पासपोर्ट म्हणजे घराण्यात एखाद्याकडे असलेली वस्तू. लेखकानं आपल्या वतीनं जाऊन यायचं आणि सांगायचं, असा तो करार होता. आजचा वाचक पुढच्या शुक्रवारी विमानतळावर असणार आहे. आंब्याचा हंगाम बरा गेलेला बागायतदार, निवृत्त शिक्षिका, टार्गेट पुरं केल्याबद्दल कंपनीनं पाठवलेला विमा एजंट. रत्नागिरीहून मुंबई गाठायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात मुंबईहून बँकॉकला पोचता येतं. या माणसाला शैली नको आहे, माहिती हवी आहे, आणि ती त्याला टिपाच देतात. ललित प्रवासवर्णनानं ज्याच्याकडे पाठ फिरवली, त्या वाचकाला टिपांनी जवळ केलं, हे त्यांचं मोठंच काम.

काही टिपा तर कोरड्याच बऱ्या. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. ई-सिगारेटवर तिथे बंदी आहे. राजघराण्याविषयी विनोद करू नये. तो कायद्यानं गुन्हा आहे आणि पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. इथे अलंकार नकोत. माझी तक्रार उरलेल्या टिपांबद्दल आहे.

आमच्या आळीतल्या एक काकू गेल्या वर्षी मुलाबरोबर बँकॉकला जायच्या होत्या. वय सदुसष्ट, पहिलाच परदेश प्रवास. मुलानं टिपांचे कागद छापून, फाईल करून हातात दिले. काकूंनी ते चष्मा लावून, पोथी वाचावी तसे वाचले आणि मला विचारलं, “अगो, देवळात जाताना वहाणा बाहेर काढायच्या हे मला कागदावर लिहून कशाला दिलंन्?”

या प्रश्नात या सगळ्या लेखनप्रकाराची समीक्षा आहे. मी फाईल मागून घेतली आणि पेन्सिलनं खुणा करत गेले. वहाणा बाहेर काढाव्यात. कुणाच्या डोक्याला हात लावू नये. मूर्तीकडे पाय करून बसू नये. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. भिक्षूंना बाईनं स्पर्श करू नये. उकाडा आणि दमट हवा सहन करायची तयारी ठेवावी. रहदारी बेशिस्त असते. भात दोन्ही वेळा खाल्ला जातो. रत्नागिरीत मे महिना काढलेल्या बाईला दमट हवेची तयारी ठेवायला सांगितलेलं! देवघराकडे पाय करून झोपू नये हे ज्यांनी चार नातवंडांना शिकवलं, त्यांना तेच परदेशातला एक विचित्र रिवाज म्हणून सांगितलेलं. काही ठिकाणी तर टॉयलेट पेपर जवळ ठेवा अशीही सूचना होती. प्रत्यक्षात बँकॉकच्या बहुतेक स्वच्छतागृहांत पाण्याचा फवारा असतो. त्याची सवय नसते ती युरोपीय माणसाला. आपल्याला तर ते घरी आल्यासारखं वाटतं.

म्हणजे हा मजकूर मराठी वाचकासाठी लिहिलेलाच नाही. लंडन किंवा मेलबर्नहून निघालेल्या गोऱ्या प्रवाशासाठी कुणीतरी केलेली यादी इंग्रजीतून उचलली, भाषा बदलली, शेवटी थेपले आणि मेतकूट नेण्याची एक टीप जोडली, की मराठी टिपा तयार. शब्द आपले, डोळे दुसऱ्याचे. यानं नुकसान असं होतं की आपल्याजवळ जे आहे ते आपल्याला परकं म्हणून दाखवलं जातं आणि जे खरोखर ठाऊक नसतं ते कुणी सांगतच नाही. मेट्रोत आणि बीटीएसच्या डब्यात लोक हळू आवाजात बोलतात. आपली वीस जणांची बॅच या टोकापासून त्या टोकाला हाका मारत बोलते, तेव्हा कुणी काही म्हणत नाही, फक्त माना वळतात. दुकानदाराशी आवाज चढवला की तो भांडत नाही, हसतो आणि व्यवहार संपवतो. ते हसू आपल्याला मान्यतेचं वाटतं. ही टीप मला एकाही यादीत मिळाली नाही, कारण मूळ यादी ज्यानं केली त्याला मराठी बॅच कशी बोलते ते ठाऊक नव्हतं.

टिपांचं हे गद्य माणसाला कसं रंगवतं ते मला ठाऊक आहे, कारण मी ज्या गावात राहते त्याच्याबद्दलही तसं लिहिलं जातं. रत्नागिरीला जाणाऱ्यांसाठीच्या टिपांत समुद्र असतो, रत्नदुर्ग असतो, गणपतीपुळ्याचा रस्ता असतो. माणूस मात्र एकाच कामासाठी येतो. तो कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून तुमच्या गळ्यात मारायला टपलेला असतो. असे लोक नाहीत असं मी म्हणणार नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे या फसवणुकीचाही भाग होता. पण दीडशे-दोनशे ओळींत गावचा माणूस फक्त पेटी विकणारा म्हणून यावा आणि तोही संशयित, हे वाचताना कसं वाटतं ते बँकॉकच्या टुकटुकवाल्याला विचारायची गरज नाही, आम्हाला विचारा.

आणि थिबा पॅलेस. त्याला टिपांत बहुधा अर्धा तास दिलेला असतो, फोटोसह. आग्नेय आशियातल्या एका राजधानीतून पहिल्यांदाच आलेलं कुटुंब या गावात जवळजवळ तेहेतीस वर्षं राहिलं, त्या वास्तूला अर्धा तास. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेच्या राजवाड्यातून काढलं, मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये राण्या-मुलींसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. वय सत्तावीस. इथली भाषा येत नाही, परत जायची मुभा नाही. आज आपण पाहतो तो राजवाडा १९१० मध्ये तयार झाला, म्हणजे चोवीस वर्षं हे लोक दुसऱ्या बंगल्यांतून राहिले, आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली. थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीत आली. तिची मुलगी इथेच मराठी बोलत वाढली, इथेच म्हातारी झाली, तिची मुलंबाळं इथलीच. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीला आले, तेव्हा गावातल्या पुष्कळांना आपल्या शेजारात काय आहे ते नव्यानं समजलं.

हे मी सांगते आहे ते इतिहासाच्या अभिमानापोटी नाही. त्या बाजूच्या देशांशी संबंध यायला रत्नागिरीकराला विमानाची वाट पाहावी लागली नव्हती, एवढं दाखवायचं आहे. या जिल्ह्यातले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई बंदरातून जहाजांवर चढत आले आणि पूर्वेची बंदरं त्यांच्या बोलण्यात होती. त्यांनी घरी आल्यावर जे सांगितलं असेल त्या खऱ्या टिपा. पण त्या लिहिल्या गेल्या नाहीत, आणि लिहिलेल्या टिपा भलतीकडूनच आल्या.

संशयाकडे परत येते, कारण फाईलमधली निम्मी पानं त्याचीच होती. बँकॉकमध्ये मोठ्या राजवाड्याच्या आसपास एक नीटनेटका माणूस भेटतो, राजवाडा आज बंद आहे असं सांगतो आणि स्वस्तात शहर दाखवणारी टुकटुक मिळवून देतो. टुकटुक शेवटी रत्नांच्या दुकानात नेते. हा प्रकार खरा आहे, जुना आहे, आणि त्याबद्दल सावध करायलाच हवं. पण टीप असते ती एवढीच: टुकटुकवाल्यांवर विश्वास ठेवू नका. यातली यंत्रणा कुणी उलगडत नाही. दुकानदार गिऱ्हाईक आणल्याबद्दल चालकाला इंधनाची कुपनं किंवा कमिशन देतो. भाडं स्वस्त असतं कारण ते भाडं नसतंच, तुम्ही माल असता. एवढं एकदा सांगितलं की वाचक स्वतःच ओळखतो: जिथे भाडं संशयास्पद कमी, तिथे दुसरं कुणीतरी पैसे देतंय. हे शहाणपण बँकॉकपुरतं राहत नाही, काशीलाही लागू पडतं. उलट विश्वास ठेवू नका ही आज्ञा वाचकाला काहीच शिकवत नाही, फक्त आक्रसून टाकते. ज्या टिपेला ‘कारण’ नाही ती टीप म्हणजे नुसती भीती असते.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची इथे आठवण होते. वरसईचा भिक्षुक दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघतो आणि १८५७च्या धामधुमीत सापडतो. रस्ता, पैसा, चोर, उपास, सगळी व्यावहारिक काळजी त्यात भरून आहे. पण ती कुणाला तरी वाटलेली काळजी आहे. वाचकाला रस्ता कळतो आणि भटजीही कळतात. आजच्या टिपांतून लिहिणारा पूर्ण नाहीसा झाला आहे. त्यानं टुकटुकला किती पैसे दिले, तो कुठे उतरला, त्याला कसं वाटलं, काही नाही. आहे ती फक्त आज्ञा.

आता एक अवघड गोष्ट. रत्नागिरीत, आणि मला वाटतं सगळ्याच महाराष्ट्रात, एखाद्या पुरुषानं बँकॉकला जातोय असं सांगितलं की समोरचा डोळा बारीक करून हसतो. टिपांच्या गद्यानं हे हसू जसंच्या तसं उचललं आहे. ‘फॅमिली’साठी वेगळी यादी, ‘मित्रमंडळीं’साठी वेगळी. दुसऱ्या यादीत अवतरणचिन्हं फार, तीन टिंबं फार, आणि समझनेवाले को इशारा काफी. काय बोलतोय ते पुरतं बोलायचंही नाही आणि सोडायचंही नाही. भाषेचा हा भ्याडपणा मला त्या व्यवसायाच्या अस्तित्वापेक्षा जास्त खटकतो. एका कोटीच्या आसपास वस्तीच्या शहरात सकाळी गणवेशात शाळेला जाणाऱ्या मुली आहेत, बँकेत, इस्पितळात, फळांच्या गाड्यांवर कामं करणाऱ्या बायका आहेत. मराठी पुरुष ती तीन टिंबं डोक्यात घेऊन त्या सगळ्यांकडे बघत फिरतो, परवानगी न विचारता फोटो काढतो. बाजारात पपई कापणाऱ्या एका बाईनं अशा कॅमेऱ्यासमोर सुरी तशीच हातात ठेवून मान फिरवलेली मी पाहिली. स्त्रियांनी बँकॉकमध्ये काय काळजी घ्यावी याच्या टिपा भरपूर आहेत. पुरुषांनी तिथल्या स्त्रियांशी कसं वागावं याची एकही नाही.

याच्या उलट दुसरं टोक आहे, ते सोज्वळ आणि म्हणून टाळ्या मिळवणारं. तिथे सगळं ‘आपलंच’ असतं. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प, शहराचं थाई नाव क्रुंग थेप महा नखोन म्हणजे देवांचं महानगर, चौकातला एरावन म्हणजे ऐरावत, जुनी राजधानी अयुत्थया म्हणजे अयोध्या. हे सगळं खरं आहे आणि ऐकायला गोड आहे. मात्र ‘आपलंच’ म्हटलं की बघणं थांबतं. राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा काएवच्या ओवऱ्यांमध्ये रामकथेची एकशे अठ्ठ्याहत्तर भित्तिचित्रं आहेत. आपली माणसं तिथे झपाझप चालत जातात. रामायण काय, माहीतच आहे. पण ते रामायण नव्हे, रामाकिएन आहे. त्यातला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दशकंठाची मत्स्यकन्या असलेली मुलगी, सुवर्णमच्छा, दगड पळवते. हनुमान तिला धरायला जातो आणि प्रेमात पडतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तिथल्या गाईडला हनुमान कसा असतो हे इंग्रजीत समजावून सांगितलं म्हणे. गाईड हसला. कोणतं हसू ते वर आलंच आहे.

शाकाहाराच्या टिपेत तर ही गंमत तोंडाशी येऊन निसटते. सगळ्या याद्यांमध्ये ‘जे’ हा शब्द पाठ करा असं असतं, काहींत ‘मांगसविरात’ही असतो, रोमन उच्चारावरून काहीतरी वेडावाकडा लिहिलेला. तो मांसविरती आहे! लिहिणाऱ्यानं एकदा मोठ्यानं म्हणून पाहिला असता तर वाचकाला पाठ करावा लागला नसता. आणि दोन शब्दांतला फरक आपल्याला फार उपयोगी आहे. मांगसविरात म्हणजे मांस नाही. अंडं-दूध असू शकतं. ‘जे’मध्ये मांस, अंडी, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरात वाढलेल्याला हा भेद एका वाक्यात कळेल. इंग्रजी यादीला तो समजावायला परिच्छेद लागतो आणि आपण तो परिच्छेद भाषांतरित करत बसतो.

मासे खाणाऱ्याचा तर या गद्यात विचारच नाही. बाजारातल्या वासाची तयारी ठेवा, असं सगळीकडे. कसला वास? माशांपासून केलेल्या नाम प्लाचा, कोळंबी आंबवून वाटलेल्या कापीचा. मिरकरवाडा बंदरावरून घरी जाताना ज्याच्या नाकात रोज सुकं म्हावरं जातं, पावसाळ्यात ज्याचं जेवण सोडे आणि जवळ्यावर निघतं, त्याला हा वास इशारा म्हणून सांगायचा नसतो, खूण म्हणून सांगायचा असतो: इथे जेवण चांगलं मिळेल. भात, नारळाचं दूध, मासळी, आंबट, तिखट. कोकणी जिभेला यात शिकण्यासारखं फार थोडं आणि ओळखण्यासारखं पुष्कळ. कैरीच्या फोडी तिखट-मिठाबरोबर तिथे गाडीवर मिळतात. आंब्याबरोबर चिकट भात खातात तेव्हा मात्र रत्नागिरीकरासाठी माझी स्वतंत्र टीप आहे: हापूसचं नाव काढू नये. नाम दोक माय हा वेगळा आंबा आहे, त्याला वेगळंच खावं.

काकूंनी फाईल परत घेताना विचारलं होतं, “तिथे कुणाशी बोलायचं झालं तर हाक काय मारायची?” एकवीस टिपांत याचं उत्तर नव्हतं. असण्याची शक्यताच नव्हती, कारण इंग्रजीत हा प्रश्न पडत नाही. थाई लोक अनोळखी माणसाला नात्यानंच हाक मारतात. आपल्याहून थोड्या मोठ्याला ‘पी’, मग ती ताई असो की दादा, धाकट्याला ‘नोंग’, आईहून मोठ्या बाईला ‘पा’, तशाच वयाच्या पुरुषाला ‘लुंग’. भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला दादा म्हणणाऱ्या माणसाला हे व्याकरण आयतंच येतं. वाक्याच्या शेवटी बायकांनी ‘खा’ जोडायचं, पुरुषांनी ‘ख्राप’. नमस्काराचा ‘सवातदी’ स्वस्तीपासून आला आहे, हातही आपल्यासारखेच जोडतात. मी काकूंना हे शब्द एका चिठ्ठीवर लिहून दिले. त्या सदुसष्ट वर्षांच्या, म्हणून त्यांना ‘पी’ म्हणायची वेळ फारशी येणार नव्हती. ‘नोंग’ मात्र दिवसभर चालला असणार.

टिपा कशा असाव्यात असं कुणी विचारलं तर मी सेन सेप कालव्यावरच्या बोटीची सांगेन, कारण ती मला यादीत जवळजवळ कुठेच नीट मिळाली नाही. ही पर्यटकांची बोट नव्हे. कामावर जाणाऱ्यांची, स्वस्त आणि वेगवान. ज्यांनी पूल व्हायच्या आधी खाड्या तरीनं ओलांडल्या आहेत त्यांना सांगायला नको, पण धाकट्यांसाठी सांगते. बोट धक्क्याला काही क्षणच टेकते. आधी उतरणारे उतरू द्यावेत, मग दोर धरून एकदम आत पाऊल टाकावं, अर्धं बाहेर अर्धं आत राहू नये. सुटे बाट मुठीत असावेत. डोक्यावर हेल्मेट घातलेला कंडक्टर बोटीच्या कडेवरून, बाहेरच्या बाजूनं चालत येतो. कडेची जागा मिळाली तर शेजारी एक दोरी लोंबत असते. समोरून दुसरी बोट आली की कालव्याचं काळं पाणी उडतं, ते आत येऊ नये म्हणून दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा असतो. पडदा साऱ्या ओळीचा एकच असतो आणि तो ओढायचं काम दोरीजवळ बसलेल्याचं. पुढची बाई ओढायला लागली की आपणही ओढावा, आणि पाणी गेल्यावर सोडावा, नाहीतर आत उकडतं.